एकच काडी, पण एचची

मोहाटोल्याचा ताराचंद मिस्त्री हा कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरणारा माणूस. उन्हाळा सरत आला की घरोघरी छपरावर चढायचं, फुटके कवेलू काढायचे, धड असलेले बसवायचे आणि जाता जाता वरून अख्ख्या गावाची खबर घ्यायची, हा त्याचा धंदा. कोणाच्या अंगणात मोहाची फुलं वाळत पडलीत, कोणाकडे अर्जुनीचे पाहुणे उतरलेत, हे त्याला घरच्यांच्याही आधी कळे. वर्षाचे दोन-तीन महिने माणूस असा उंचावर बसला की खालच्यांना आपल्यापेक्षा कमी कळतं, असं त्याला वाटू लागतं. ताराचंदला तर याची खात्रीच होती.

सिग्नलशी त्याची सोयरीक जुळली ती १९९९ च्या आसपास. गावात टीव्ही येऊ लागले होते आणि पडद्यावर चित्रापेक्षा मुंग्याच जास्त असत. ताराचंद छपरावर आहे म्हटल्यावर घरमालकीण हमखास म्हणे, "मिस्त्री, तेवढा ॲंटिना फिरवून द्या जी." तो ॲंटिनाचा दांडा धरून हळूहळू फिरवी. खालून आरोळ्या येत. "आला, आला!... गेला!... आला जी, हात नका काढू!" हात न काढता माणूस छपरावर किती वेळ बसणार? पण त्या दोन घटका ताराचंदला राजासारखं वाटे. पुढे तो सांगू लागला की, मला वाऱ्यावरून सिग्नलची दिशा समजते. समजत वगैरे काही नव्हतं, दांडा फिरवता फिरवता कधीतरी चित्र लागे इतकंच. पण गावात दुसरं कोणी छपरावर चढत नसल्यामुळे त्याला खोडून काढणारंही कोणी नव्हतं.

मोबाइल आला तसा हा पेशा आपोआप वाढला. शेजारच्या गावात टावर उभा राहिला आणि मोहाटोल्यात कुठे सिग्नलच्या काड्या येतात, कुठे जातात, याचा सल्ला ताराचंद न विचारता देऊ लागला. "बोडीच्या पाळीवर चार काड्या. आंब्याखाली दोन. सरपंचाच्या ओसरीत एक, तेही मन झालं तर." बोडी म्हणजे गावतळं, तिची पाळ उंच. हे मात्र बरोबर असे. अडचण अशी की माणसाचं एक बरोबर निघालं की तो बाकीचंही सांगू लागतो.

त्यानं घरात मिस कॉलचं शास्त्र चालू केलं. एक मिस कॉल म्हणजे सुखरूप पोचलो. दोन म्हणजे तुमी फोन करा. तीन म्हणजे असाल तसे या. त्याची एकुलती एक पोरगी अल्का गोंदियाला नर्सिंग शिकायला गेली तेव्हा तिला बॅग भरून द्यायच्या आधी त्यानं हे पाठ करून घेतलं. त्याची बायको कुसुमबाई म्हणाली, "पोरीसंग दोन शब्द बोलले तर तोंड झिजते का तुमचं?" ताराचंद म्हणाला, "ज्याले खूण समजते त्याले बोलाची गरज नाई पडत." खरी गोष्ट वेगळी होती. पोरीशी फोनवर काय बोलायचं हे त्याला सुचत नसे. जेवली का, एवढं विचारून झालं की तो फोन कुसुमबाईकडे देऊन टाकी. प्रेम नव्हतं असं नाही, ते बाहेर काढायची वाट त्याच्याकडे नव्हती.

आता एचची गोष्ट. २०१३ साली ताराचंद नागझिऱ्याच्या गेटजवळच्या पर्यटकांच्या कुट्यांवर कवेलू चढवायला गेला होता. दुपारच्या सुट्टीत तो आपला साधा स्मार्टफोन काढून बसला. नवाच घेतलेला. जुना बटणाचा फोन कुसुमबाईनं टॉर्च म्हणून ठेवून घेतला होता, सीमकार्ड या नव्यात. तेवढ्यात नागपूरकडचा एक पर्यटक शेजारी वाकून म्हणाला, "अरे काका, अभी भी ई पे चल रहे हो?" आणि हसला. वाईट हेतूनं हसला नसेल. पण ताराचंदनं फोनकडे पाहिलं, तर वर कोपऱ्यात चार काड्या आणि त्यांच्या डोक्यावर खरंच बारीकसं इंग्रजी ई. इतके दिवस ते तिथेच होतं, पण आज त्याला ते कपाळावरच्या डागासारखं दिसू लागलं.

काम संपताच तो सडक अर्जुनीला उमेंद्रच्या मोबाइल दुकानात हजर. उमेंद्र पटले हा शहाणा माणूस. गिऱ्हाइकाला समजेल असं सांगायचा.

"काका, हे दोन अलग मामले आहेत," तो म्हणाला. "काड्या म्हणजे टावरचा आवाज तुमच्या फोनले किती साफ येऊन राहिला ते. आन् वरचं अक्षर म्हणजे रस्ता कसा आहे ते. जी म्हणजे पायवाट. ई म्हणजे बैलबंडीचा रस्ता. थ्री-जी म्हणजे डांबरी. आन् एच म्हणजे त्याच थ्री-जीचा हा आपला हायवे, फोटो-व्हिडिओ धडाधड पळते त्याच्यावर."

"मंग मले एच पाहिजे," ताराचंद म्हणाला.

"अर्जुनीत आहे ना. कोहमाऱ्यालेबी आहे. तुमच्या गावाकडे नाई आला अजून. पण फोनले अक्कल आहे काका, जिथं जे भेटते ते तो आपोआप पकडते. आन् बोलाले का लागते? बोलाले पायवाटबी पुरते."

"ई दिसलं नाई पाहिजे."

उमेंद्रनं पुष्कळ समजावलं. शेवटी हात टेकले आणि सेटिंगमध्ये जाऊन 'फक्त थ्री-जी' करून दिलं. देताना म्हणाला, "घरी जाऊन काड्या गेल्या तर परत पहिलेसारखं करून घ्या. हायवेनंच येईन म्हणणाऱ्या पाहुण्याले बिनसडकेच्या गावात कोण पाहणार?" पण तोवर ताराचंद दुकानाच्या पायरीवर उभा राहून फोन उन्हात तिरपा करून बघत होता. पाच काड्या आणि वर एच. असा आनंद त्याला अल्का पास झाली तेव्हा झाला होता.

मोहाटोल्यात पोचता पोचता एक एक काडी गळत गेली. घरी आल्यावर काड्यांच्या जागी नुसता रिकामा त्रिकोण. संध्याकाळी तो बोडीच्या पाळीवर गेला, फोन डोक्यावर धरला, तर डोळा लवावा तेवढा वेळ एक काडी आणि एच दिसला आणि गेला. ताराचंदचं समाधान झालं. शेजारच्या रुख्माच्या फोनवर चुलीजवळ बसून चार काड्या येत, पण त्या ईच्या. "तुह्या चारापेक्षा माही एक भारी," तो तिला म्हणाला. "मोठा साहेब गावात रोज थोडी येते? पण आला म्हणजे आला." हातचं सोडून पळत्याच्या मागे लागायचं, आणि वर त्यालाच प्रगती म्हणायचं, हे एकट्या ताराचंदचंच आहे असं नाही. आपल्यातलेही पुष्कळ आहेत.

फोन वाजायचा थांबला, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याला फोन करणारे तरी किती? ज्यांचं काम असे ते सायकल काढून येत आणि रागावत. "काऊन गा मिस्त्री, फोन बंद काऊन ठेवतेस?" हा शांतपणे सांगे, "बंद नाई. एचवर आहे."

नेमका याच दिवसांत अल्काच्या लग्नाचा विषय निघाला. अल्का तोवर गोंदियाच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून लागली होती. कोहमाऱ्याचे शालीकराम, ज्यांचा चौकाजवळ चांगला चालता ढाबा, त्यांच्या चंद्रशेखरसाठी विचारणा आली. मंडळी येऊन अल्काला पाहून गेली. जयभीम झाला, चहा-पोहे झाले, पोरगा-पोरगी मागच्या अंगणात थोडं बोलूनही आले. ताराचंदला स्थळ फार म्हणजे फारच आवडलं. ढाब्यावर वर्षाचे बारा महिने ट्रका थांबतात, घर पक्कं, माणसं बोलायला गोड. शिवाय पोरगी डोळ्यांपुढे, बसनं घटकाभराच्या वाटेवर.

पण अल्का काही बोलली नाही. परत गोंदियाला जाताना बस थांब्यावर उभी होती तेव्हा ताराचंदनं विषय काढला. रस्त्याकडे पाहतच तो म्हणाला, "तुह्या मनाविरुद्ध नाई करणार मी. रविवारी कोहमाऱ्याले शब्द द्याले जाणार आहो. तवरक विचार कर. या खेपेला पोचल्याचा मिस कॉल नको मारू. नाई म्हणाचं असंल तरच एक मिस कॉल मार. हो असंल तर काहीच करू नको. मिस कॉल नाई आला की मी हो समजीन."

वरवर पाहता यात बापाचा मोठेपणा होता. पोरीला 'हो' म्हणायची लाज वाटते, म्हणून तिला बोलायलाच लावलं नाही. पण ताराचंदच्या मनातला हिशेब त्याला ठाऊक होता. काहीच न करणं सगळ्यात सोपं असतं, आणि सोप्या बाजूला त्यानं होकार ठेवला होता. अल्कानं त्याच्याकडे एकदा पाहिलं, "बरं बाबा," म्हणाली आणि बसमध्ये चढली.

आठवडा गेला. मिस कॉल नाही. ताराचंद रोज संध्याकाळी पाळीवर जाई, फोन वर धरी, काडीचं दर्शन घेई आणि घरी येऊन सांगे, "काही नाई आलं." त्याची अशी समजूत होती की आलेले फोन टावरवर साचून राहतात आणि काडी दिसली की टपटप खाली पडतात. काही पडलं नाही म्हणजे काही आलंच नाही.

कुसुमबाईला हे पटेना. "पोरगी एक दिवसाआड फोन करणारी. आता एकदम इतकी गप? तब्येत बरी आहे का तिची?"

"लाजून राहिली."

"लाजणारी आहे का ते? तुमच्यावर गेली आहे. रुख्माच्या फोनवरून लावून पाहू का मी?"

"नाई," ताराचंद म्हणाला. "ठरलं ते ठरलं. आपण फोन केला तर तिच्यावर दाब येते."

हे ऐकायला मोठं न्यायाचं होतं. पण त्याच्या पोटात भीती होती. 'नाही' हा शब्द त्याला सोसत नसे. कोणी कवेलूच्या ओळीला वाकडी म्हटलं तरी तो दोन दिवस जेवत नसे, आणि हे तर पोरीच्या तोंडून आलं असतं. त्यापेक्षा रिकामा त्रिकोण बरा होता.

रविवारी तो पांढरा सदरा घालून निघाला. कुसुमबाईनं यायला साफ नकार दिला. "माहं मन नाई म्हणून राहिलं," ती म्हणाली. "तुमी जाणा आन् तुमचा एच जाणे." ताराचंदनं तिच्याकडे दुर्लक्ष केलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, आणि इथे तर सुंभाला अजून काडीही लागली नव्हती.

कोहमाऱ्याला ढाब्याच्या मागेच शालीकरामचं घर. बाहेर रायपूरकडे जाणाऱ्या ट्रकांची घरघर, आत नवी चादर टाकलेला पलंग. शालीकरामनं हात धरून बसवलं. त्यांची बायको निर्मलाबाई चहा घेऊन आली. चंद्रशेखर दाराशी उभा होता, अंगठ्यानं भिंतीचा चुना उकरत. शेजारचे दोघं-तिघं मुद्दाम बोलावलेले दिसत होते. शब्द घ्यायचा म्हणजे चार कान हवेत.

ताराचंदनं सहज म्हणून फोन काढला, आणि त्याची छाती फुगली. "पाहा शालीकरामजी," तो म्हणाला. "पाच काड्या. वर एच. आमच्या गावात एकाकडेबी नाई."

शालीकरामनं चष्मा लावून पाहिलं, वा म्हटलं. तेवढ्यात फोन टिंग वाजला. मग परत टिंग. मग लागोपाठ वाजतच राहिला, थांबायचं नावच घेईना. "कंपनीवाले गाण्याचे मेसेज पाठवून राहिले असंल," शेजारी बसलेला म्हणाला आणि सगळे हसले. ताराचंदही हसला. त्यानं एक मेसेज उघडला. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. शेवटी चौऱ्याऐंशी. तो अल्काचा नंबर होता. दुसरा उघडला, तोच नंबर. तिसरा, चौथा, तोच. आपला फोन बंद असताना कोणी कोणी लावला होता, ते कंपनी कळवत होती. अख्ख्या आठवड्याचे मिस कॉल एका रांगेत येऊन बसले होते.

एका मिस कॉलचा अर्थ ठरला होता. इतक्यांचा अर्थ ठरवलेला नव्हता, पण तो न ठरवताही समजत होता. पाळीवर आपण रोज काय पाहत होतो आणि रस्ता नसलेल्या गावात कोण कोणाची वाट पाहत होतं, हे त्याला त्या पलंगावर बसून एकदम लख्ख कळलं. उमेंद्रचं बोलणंही आठवलं. शहाणी माणसं आपल्याला वेळेवर सांगतात, आपल्याला ते वेळ गेल्यावर ऐकू येतं.

"मंग मिस्त्री," शालीकराम म्हणाला, "का म्हणते तुमच्याकडे? आमच्याकडून तर पक्कं आहे." निर्मलाबाईनं पेढ्यांचं ताट पुढे केलं आणि एक पेढा स्वतः उचलून त्याच्या हातावर ठेवला. "तोंड गोड करा जी. आन् सांगून ठेवते, पोरीले नोकरीची गरज नाई पडणार. ढाब्याचा गल्ला सांभाळाले घरचंच माणूस पाहिजे."

ताराचंदच्या एका हातात पेढा, एका हातात फोन. आणि फोन वाजला. चौऱ्याऐंशीवाला नंबर.

त्यानं फोन कानाला लावला.

"बाबा!" अल्काचा आवाज धापा टाकत असल्यासारखा आला. "आईनं रुख्माकाकूच्या फोनवरून सांगतलं, तुमी कोहमाऱ्याले गेले म्हणून. कवापासून लावून राहिली मी तुमाले! आयकू येऊन राहिलं का?"

गोंदिया जिल्ह्यात त्या काळी फोनवरचं अवघड बोलणं टाळायचा एक सोपा उपाय होता. हॅलो हॅलो करायचं, आवाज नाही येऊन राहिला म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. त्याला कोणी खोटं म्हणत नसे, टावरच तसे होते. ताराचंदच्या जिभेवर तेच आलं होतं. पुढ्यात पक्कं घर होतं, गोड माणसं होती, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते. आणि पोरगी पुढे काय बोलणार हे त्याला माहीत होतं. पण या खेपेला तिचा आवाज इतका स्पष्ट येत होता की ती शेजारी येऊन बसली आहे असं वाटावं, आणि त्या आवाजात भीती होती. बापाची भीती. ती त्यानं तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती, कारण त्यानं तिला बोलूच दिलं नव्हतं.

"येऊन राहिलं," तो म्हणाला. "पुरं साफ येऊन राहिलं. बोल."

"मले नाई म्हणाचं आहे बाबा. पोरगा वाईट नाई. पण मी त्याले विचारलं, लग्नानंतर नोकरी करू का, तर तो म्हणला आई म्हणंल तसं. मले नोकरी नाई सोडाची. इतकी शिकली मी. रुख्माकाकूजवळ सांगाले पाहत होती, पण गावभर झालं असतं." ती थांबली. "तुमी हो सांगून टाकलं का?"

बाहेर एक ट्रक हॉर्न देत निघून गेला. ताराचंदनं हातातला पेढा बघितला. पेढा अजून हातातच होता, तोंडात गेला नव्हता, आणि तेवढंच त्याच्या बाजूनं होतं.

"नाई सांगतलं," तो म्हणाला. "थांब."

त्यानं पेढा ताटात परत ठेवला, अगदी जपून, जिथून उचलला होता तिथे. मग उठून उभा राहिला. छपरावरून बोलायची सवय असलेल्या माणसाला जमिनीवर उभं राहून बोलणं किती जड जातं, हे त्याच्या मानेवरून दिसत होतं.

"शालीकरामजी, निर्मलाबाई, माफ करा जी," तो म्हणाला. "पोरीचा नकार आहे. तिले नोकरी कराची आहे. आन् हे आजचंच नाई, तिनं आठवडाभर सांगतलं. तिच्या सांगण्यात काही कमी नव्हती. आयकाची सोय मीच बंद करून बसलो होतो. तुमाले इथवर वाट पाहाले लावली, त्याचा दोष माहा आहे, तिचा नाई. तिले कोणी काही बोलू नका."

निर्मलाबाईनं ताटावर फडकं टाकलं. शालीकरामनं कप पुढे सरकवला आणि म्हणाला, "चहा तरी घ्या, थंडा होऊन राहिला." दाराशी चंद्रशेखरनं चुना उकरणं थांबवलं होतं.

ताराचंद चहाचा कप घ्यायला वाकला तेव्हा त्याला हातातला फोन दिसला. पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते. बोलायच्या घाईत तो कापायचाच राहून गेला होता. त्यानं भीत भीत तो परत कानाला लावला.

"बाबा," अल्का म्हणाली. ती रडत होती. "मी सारं आयकलं."